टी-ट्यूब आणि पोटातला ड्रेन: मिरजेच्या वॉर्डातून एक रिव्ह्यू

टी-ट्यूब म्हणजे ऑपरेशननंतर पित्तनळीत ठेवायची टी आकाराची नळी, आणि ड्रेन म्हणजे पोटात साठणारं पाणी बाहेर काढणारी नळी. आधी स्टार देऊन टाकते, ज्यांना घाई आहे ते इथंच थांबतील. साध्या रबराची म्हणजे लॅटेक्सची टी-ट्यूब, पाचपैकी साडेचार. सिलिकॉनची टी-ट्यूब, दोन, पण ज्याला लॅटेक्सची ॲलर्जी आहे त्याला हीच पाच. लिव्हरखाली ठेवायचा पिशवीवाला बंद ड्रेन, चार. दाबून हवा काढायच्या डब्याचा सक्शन ड्रेन, गळ्याच्या आणि स्तनाच्या ऑपरेशनला एक नंबर, पित्तनळीच्या टाक्यांशेजारी तीन. आणि ते जुनं कॉरुगेटेड रबर, त्याला स्टार नाही, का ते खाली लिहिलंय.

मी मिरजेत आधी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आणि आता सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. मिरज म्हणजे १८९४ साली वानलेस साहेबांनी दवाखाना काढला तेव्हापासून दवाखान्यांचं गाव, जत, कवठेमहांकाळ, तासगाव, तिकडून अथणी, चिकोडी सगळीकडनं पेशंट इथं येतात. पित्ताशयाचे खडे तर रोजचेच, त्यातले काही खडे पित्ताशयातून सरकून मुख्य पित्तनळीत, म्हणजे लिव्हरचं पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत, जाऊन बसतात, मग कावीळ, थंडी वाजून ताप, लघवी गडद पिवळी, अंगाला खाज, हे सगळं सुरू होतं. आता बहुतेकांचा खडा दुर्बिणीतून तोंडावाटे काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात, पोट उघडायची वेळ येत नाही. पण खडा मोठा असला, खूप असले, दुर्बीण तिथंपर्यंत पोचत नसली, किंवा आधीच्या ऑपरेशनात पित्तनळीला इजा झालेली असली तर सर्जनला पित्तनळी उघडावीच लागते, आणि उघडलेली नळी शिवताना आत टी-ट्यूब ठेवायची का नाही हा प्रश्न येतो.

रिव्ह्यू लिहायचं कारण एकच, दुकानात चिठ्ठी घेऊन गेलेला पोरगा परत येतो आणि विचारतो, "सिस्टर, दुकानदार म्हणतोय सिलिकॉनची चांगली असती, जास्त पैसे गेले तर जाऊ देत, आण्णांना भारीतलीच घालाय सांगा की." प्रेमानं विचारतात, त्यात वाईट काही नाही. लघवीच्या नळीत ते बरोबर पण आहे, कॅथेटर जास्त दिवस ठेवायचा असेल तर सिलिकॉनचाच घ्या म्हणून आम्हीच सांगतो. पण टी-ट्यूबचं सगळं गणित उलटं आहे आणि ते लोकांना पटवून देता देता माझं तोंड दुखलंय.

टी-ट्यूब म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखी नळी. आडवा भाग पित्तनळीच्या आत बसतो, उभा लांब भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर येतो आणि पिशवीला जोडतात. हान्स केर नावाचा जर्मन सर्जन होता, त्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत रूढ केली म्हणून जुने डॉक्टर अजून केर्स ट्यूब म्हणतात (डाव्या खांद्यात दुखलं की प्लीहा फुटली असेल का बघा, ते केर्स साइन, ते पण याच गृहस्थाचं). शिवलेल्या पित्तनळीला आतून सूज असते, खालचं तोंड काही दिवस नीट उघडत नाही, तेव्हा पित्त साठून टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून ही बाहेर जायची वाट. शिवाय याच नळीतून नंतर डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) सोडून एक्स-रे काढता येतो, राहिलेला खडा दिसतो.

आता मटेरियलचं. रबर शरीराला खुपतं, शरीर त्याला परका माणूस समजतं, त्याच्याभोवती सूज येते, पेशी जमतात आणि हळूहळू नळीच्या भोवती तंतूंचं जाडसर आवरण तयार होतं, पित्तनळीपासून थेट कातडीपर्यंत. त्याला ट्रॅक्ट म्हणतात. बाकी कुठल्याही वस्तूत "शरीराला खुपतं" हा दोष, इथं तोच गुण. कारण नळी काढल्यावर पित्तनळीला एक भोक राहणारच, त्यातून एक-दोन दिवस थोडं पित्त येणारच, ते या ट्रॅक्टमधून सरळ बाहेर पट्टीवर आलं पाहिजे, पोटात सांडता कामा नये. सिलिकॉन इतकं सोज्वळ की शरीर त्याची दखलच घेत नाही, ट्रॅक्ट पातळ होतो, अर्धवट होतो, कधी होतच नाही. काळ्या ओल्या मातीत रोवलेली काठी उपसली तर भोक तसंच उभं राहतं, आणि कृष्णाकाठच्या कोरड्या वाळूतली उपसली तर लगेच ढासळतं, एवढाच फरक. सिलिकॉनची नळी ठरल्या दिवशी ओढली आणि ट्रॅक्ट झालेला नसला तर पित्त पोटात पसरतं, पेशंट कळवळतो, पोट दगडासारखं घट्ट होतं, याला बिलियरी पेरिटोनायटिस म्हणतात आणि मग परत ईआरसीपी नाहीतर परत ओटी. चांगली नळी घातली म्हणून सगळे खूश आणि नळी काढल्यावर तासाभरात आरडाओरडा, असं चित्र कुणाला बघायला मिळू नये.

पीव्हीसीच्या पण टी-ट्यूब येतात. त्यांना मी स्टार दिले नाहीत कारण मला त्या आवडतच नाहीत. प्लास्टिक मऊ ठेवणारं जे द्रव्य असतं ते शरीरात हळूहळू निघून जातं, नळी कडक होते, आणि ट्रॅक्ट लॅटेक्सइतका भक्कम येत नाही तो नाहीच. अजून एक गोष्ट पाकिटावर वाचा, काही लॅटेक्स नळ्यांना वरून सिलिकॉनचा थर दिलेला असतो, सिलिकॉनाइज्ड किंवा कोटेड असं लिहिलेलं असतं. नाव लॅटेक्सचं पण शरीराला लागतं सिलिकॉन, म्हणजे ज्याच्यासाठी लॅटेक्स घेतलं तेच कमी झालं. चिठ्ठीवर नुसतं टी-ट्यूब आणि नंबर लिहिलेला असला तर आणण्याआधी सर्जनला किंवा ओटीत एकदा विचारून घ्या.

सिलिकॉनला दोन स्टार दिले म्हणून ती फेकून द्यायची वस्तू नाही. लॅटेक्सची ॲलर्जी खरी असते, फुगा फुगवला की ओठ सुजणारी माणसं मी बघितलीत, आमच्याच नर्सेसमध्ये ग्लोव्ह्ज घालून घालून कितीतरी जणींना होते, लहानपणापासून वारंवार ऑपरेशन झालेल्या, स्पायना बायफिडाच्या (जन्मतः पाठीचा कणा उघडा राहिलेल्या) पोरांना तर जास्तच. अशा पेशंटला लॅटेक्स घालणं म्हणजे जिवाशी खेळ, तिथं सिलिकॉनच, फक्त नळी जास्त दिवस ठेवायची आणि काढताना तयारीत राहायचं. म्हणून ॲडमिट होताना सांगा, फुगा, ग्लोव्ह्ज, कंडोम, कशानं खाज-पुरळ आलंय का ते. लाजू नका ओ, आम्ही रोज याहून वाईट ऐकतो.

किती दिवस ठेवायची? जुन्या पुस्तकात १० ते १४ दिवस असं असायचं, आता बरेच सर्जन तीन आठवडे तरी ठेवतात. पोटाला छोटी भोकं पाडून दुर्बिणीचं ऑपरेशन केलं असेल तर आणखी थोडं, कारण दुर्बिणीत पोटात हाताळणी कमी झालेली असते, आतले अवयव एकमेकांना फारसे चिकटत नाहीत, म्हणजे एरवी चांगलंच, पण ट्रॅक्ट बनायला तेच चिकटणं उपयोगी पडतं. शुगरवाले, दम्यासाठी किंवा सांध्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या खाणारे, किमो चालू असलेले, अंगावर मांस नसलेले म्हातारे, यांचा ट्रॅक्ट उशिरा होतो. आमच्याकडं येतात ते पेशंट तर शुगर आणि ती दडवलेली स्टेरॉइडची पुडी दोन्ही घेऊन येतात, गावातल्या कुणाकडून तरी सांधेदुखीची "ताकदीची गोळी" चालू असते आणि विचारलं तर म्हणतात आयुर्वेदिक हाय. खरं सांगा, तुमच्या नळीची तारीख त्याच्यावर ठरते. शेजारच्या कॉटवरच्याची निघाली मग माझी का नाही म्हणून रुसून बसण्यात अर्थ नाही.

आता जागेबद्दल, आणि खरं तर मटेरियलपेक्षा मला यावर जास्त लिहायचं होतं. भारीतली नळी चुकीच्या जागी असली तर ती भारी नाही. टी-ट्यूब आत घालायच्या आधी सर्जन तिचे दोन आडवे हात कात्रीनं आखूड करतात आणि मागची बाजू उभी कापून पन्हाळीसारखी करतात किंवा मधोमध व्ही सारखी खाच देतात. ओटीत नवीन आलेल्या पोरी विचारायच्या, नवी नळी कापता कशाला? कारण तीन आठवड्यांनी ओढताना हे दोन हात मिटून यायला पाहिजेत, न कापलेली नळी ओढली की पित्तनळी फाटायची भीती. वरचा हात फार लांब राहिला तर लिव्हरच्या दोन नळ्या जिथं मिळतात तिथं जाऊन एका बाजूचं तोंड बंद करतो, खालचा लांब राहिला तर आतड्याच्या तोंडात घुसून स्वादुपिंडाला सूज आणू शकतो. जाडी पण महत्त्वाची, १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे १६ नंबरची नळी बाहेरून साधारण ५.३ मिलिमीटर. नॉर्मल पित्तनळीच सहा-एक मिलिमीटरची असते, म्हणून बारीक नळीत कोंबून जाड ट्यूब घालत नाहीत, पुढं तिथं आकुंचन येतं. पण अगदी बारीक पण नको, १४ च्या खाली गेलं की नंतर त्याच ट्रॅक्टमधून राहिलेला खडा काढता येत नाही. होय, काढता येतो तसा, १९७० च्या दशकापासूनची पद्धत आहे, ट्रॅक्ट चार ते सहा आठवडे पक्का होऊ द्यायचा, मग त्याच वाटेनं बारीक तारेची बास्केट घालून खडा ओढून काढायचा, परत पोट फाडायला नको. ही सोय लॅटेक्सच्या ट्रॅक्टची, म्हणून माझे साडेचार स्टार.

पोटातून बाहेर येताना टी-ट्यूब जवळच्या आणि सरळ रस्त्यानं उजव्या बाजूला यावी, वळसे घेत आली की ट्रॅक्ट पण वाकडा आणि खडा काढायला अवघड. पण आत थोडी ढिली पाहिजे, कारण ऑपरेशननंतर पोट फुगतं, पेशंट खोकतो, ताणून बसवलेली नळी त्या खोकल्यानं सरकून पित्तनळीच्या बाहेर येते. आणि ऑपरेशनच्या मुख्य जखमेतून नाही, वेगळं छोटं भोक पाडून. जखमेतून नळी काढली की जखम पिकते, नंतर तिथं हर्निया येतो.

टाके कशाचे हे पण इथंच सांगते. पित्तनळीला विरघळणारा दोरा लागतो, कारण न विरघळणाऱ्या दोऱ्यावर पित्तातलं काहीबाही साठून नवीन खडा धरतो. शिवून झालं की सर्जन नळीतून सलाइन सोडून कुठं गळतंय का बघतात, मला ती दोन मिनिटं फार आवडायची, सगळी ओटी गप्प.

आता दुसरी नळी, लिव्हरखालचा ड्रेन. नातेवाईकांचा इथं कायम गोंधळ होतो, दोन नळ्या, दोन पिशव्या, कुठली कुठली. टी-ट्यूब पित्तनळीच्या आत असते, त्यातून पित्त येणं हेच तिचं काम, सुरुवातीला दिवसाला ३०० ते ५०० मिली आलं तरी घाबरायचं नाही. ड्रेन पित्तनळीच्या बाहेर असतो, लिव्हर आणि उजव्या किडनीच्या मधल्या खोलगट जागेत, मॉरिसन्स पाऊच म्हणतात, पेशंट उताणा झोपला की वरच्या पोटातलं पाणी आधी तिथं जमतं. त्यात पहिल्या दिवशी लालसर, मग फिकट पिवळसर पाणी यावं आणि कमी होत जावं. तिथं हिरवट-सोनेरी पित्त दिसलं तर टाक्यातून गळतंय. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनच्या पाण्यातलं बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं द्रव्य) रक्तातल्यापेक्षा तिप्पट किंवा जास्त निघालं तर त्याला बाईल लीक धरतात, म्हणून डॉक्टर ड्रेनचं पाणी लॅबला पाठवतात, बिल वाढवायला नाही.

ड्रेनचं टोक टाक्यांवर टेकलेलं नको, आतड्याला पण घासायला नको, शेजारी असावं, अंगावर नको. कडक नळी दिवसेंदिवस एकाच जागी टोचत राहिली तर आतड्याला भोक पडू शकतं. म्हणूनच सक्शनच्या डब्याला मी इथं तीन दिले. तो डबा कातडीखालच्या पोकळीसाठी झकास, पण पोटात जोर लावून ओढलं की चरबीचा पदर नळीच्या भोकात जाऊन बसतो, ड्रेन बंद, आणि ताज्या टाक्यांशेजारी सततचा ओढा असला तर बारीक गळती मिटायची ती चालूच राहायची भीती. काही सर्जन हलका सक्शनचा सिलिकॉन बल्ब वापरतात आणि त्यांचे पेशंट छान घरी जातात, तेव्हा भांडण नाही. मला आपली वजनानं वाहणारी, पिशवीची साधी किट बरी वाटते. एक स्टार का कापला? पेशंट बाथरूमला जाताना पिशवी कॉटवरच विसरतो, नळीला गचकन हिसका, आणि त्या किटबरोबर पट्टा येत नाही. पट्टा द्यायला कंपनीला काय जड जातं?

कॉरुगेटेड रबर म्हणजे पन्हळी पत्र्यासारखी घड्यांची रबराची पट्टी, एक टोक पोटात, दुसरं बाहेर ड्रेसिंगखाली उघडं. सगळं गळणारं कापसात. किती आलं मोजता येत नाही, पित्तानं कातडी सोलून निघते, आणि बाहेरचे जंतू त्याच वाटेनं आत. स्वस्त आहे, मान्य, पण बंद ड्रेन मिळत असताना पित्ताच्या ऑपरेशनला ती कशाला.

आणि ड्रेन कोरडा म्हणजे सगळं ठीक असं समजू नका. नळी तुंबलेली असते, पिळा पडलेला असतो, पेशंट तिच्यावर झोपलेला असतो. नळी कोरडी, पण पेशंटला ताप, नाडी जोरात, पोट फुगलंय, खांद्यात दुखतंय, तर पेशंटकडं बघायचं, पिशवीकडं नाही. बाजूच्या भोकांपैकी शेवटचं भोक कातडीच्या बाहेर आलेलं दिसलं तर लगेच सिस्टरला बोलवा, स्वतः आत ढकलू नका, तसं करणारे महाभाग आहेत.

मग टी-ट्यूब सगळ्यांनाच हवी का? नाही, आणि हे रिव्ह्यूत लिहिलं नाही तर तो दुकानदाराचा रिव्ह्यू होईल. कोक्रेन या उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात, खड्यासाठी पित्तनळी उघडलेल्या पेशंटमध्ये, टी-ट्यूब घातलेले आणि नुसती पित्तनळी शिवून बंद केलेले यांची तुलना आहे, त्यात टी-ट्यूबमुळं ऑपरेशनला वेळ जास्त, दवाखान्यात मुक्काम जास्त, आणि वेगळा फायदा दिसला नाही असं निघालं. पित्तनळी मोकळी आहे, खडे सगळे निघालेत, सूज नाही, तर अनुभवी सर्जन सरळ शिवून टाकतात आणि लिव्हरखाली एक ड्रेन ठेवतात. पित्ताशय काढायच्या साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला तर बहुतेक वेळा ड्रेन पण लागत नाही. "आमच्या भावाला नळी होती, आम्हाला का नाही" असं म्हणून डॉक्टरशी वाद घालणारे पण येतात, नळी नाही म्हणजे काहीतरी वाचवलं असं त्यांना वाटतं.

ज्यांना टी-ट्यूब घेऊन घरी पाठवतात त्यांच्यासाठी. पिशवी कायम पोटाच्या खाली, पण जमिनीवर लोळवत नाही. अर्धी भरली की मोजून रिकामी करा, वहीत लिहा, तारीख, मिली, रंग. पित्ताबरोबर मीठ आणि क्षार जातात, जास्त येत असेल तर नुसतं पाणी पिऊन भागत नाही, डॉक्टरला विचारून ओआरएस. शी पांढरट-मातकट दिसली तर कळतं की सगळं पित्त बाहेरच चाललंय, क्लॅम्प (नळी दाबून बंद ठेवायचा चिमटा) लावायला सुरुवात केली की रंग परत येतो, आणि आजी लोकांना त्याचा काय आनंद होतो! एकदम पित्त यायचं बंद झालं आणि पोट दुखायला लागलं तर वाट बघत बसू नका. काढायच्या आधी डायचा फोटो होतो, डाय आतड्यात उतरतंय आणि आत काही अडकलेलं नाही हे बघायला, त्यात हवेचा बुडबुडा गेला की तो खड्यासारखाच दिसतो, मग परत फोटो, म्हणून रेडिओलॉजीवाले नळी आधी नीट भरून घेतात, त्यांना उशीर झाला म्हणून ओरडू नका. क्लॅम्प लावल्यावर ताप, कळ किंवा डोळे पिवळे, तर क्लॅम्प सोडायचा आणि फोन करायचा. नळी काढल्यावर पट्टी एक-दोन दिवस पिवळी होते, ठीक आहे. पण काढल्यानंतर लगेच पोटभर जोरात दुखायला लागलं तर घरी जाऊ नका, वॉर्डातच थांबा. भोकाभोवती झिंक ऑक्साइडचं मलम पातळ लावा, हळद-तूप नको, चिकटपट्टी टिकत नाही आणि नळी सरकते.

खरेदीचं राहिलं. दवाखान्यांच्या आसपास सर्जिकलची भरपूर दुकानं आहेत, टी-ट्यूब आता कमी खपते म्हणून सगळ्यांकडं सगळे नंबर नसतात आणि जुना माल पडून असतो. लॅटेक्स उन्हानं आणि उष्णतेनं खराब होतं, चिकट होतं नाहीतर तडकतं, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीये. एक्स्पायरी बघा, पाकीट कुठं फुटलेलं नाही ना बघा, निर्जंतुक केल्याचा शिक्का बघा, काचेच्या कपाटात उन्हात ठेवलेलं असेल तर दुसरं मागा. एक्स-रेत दिसणारी रेघ असलेला ड्रेन घ्या. पाकीट दुकानात किंवा रिक्षात उघडून बघू नका, उघडलं की संपलं, ते ओटीत कुणी घेणार नाही आणि दुकानदार पण परत घेत नाही.